राजवाड्याऐवजी कुळाचं घर

हेलसिंकीच्या मध्यवस्तीतून २४ क्रमांकाच्या बसनं शेवटच्या थांब्यावर उतरलं की समोर समुद्राची चिंचोळी पट्टी आणि त्यावरचा पांढरा लाकडी पूल दिसतो. पलीकडे सेउरासारी बेट. इथल्या तांबूस खारी माणसांना फारशा बुजत नाहीत, त्यामुळे पूल ओलांडताच मुलं तिथंच रेंगाळतात. त्यांना रेंगाळू द्यावं. फिनलंड म्हटलं की परदेशी पालकांना आधी उत्तरेतलं सांताक्लॉजचं गाव आठवतं. पण मुलांना हा देश कळावा असं वाटत असेल, तर सुरुवात या बेटावरूनच करायला हवी.

देशाच्या कानाकोपऱ्यातून आणलेली जुनी लाकडी घरं, कोठारं, गोठे आणि १६८६ सालचं कारुना गावचं चर्च इथं झाडीत पुन्हा उभं केलेलं आहे. आक्सेल हाइकेल या लोकजीवनाच्या अभ्यासकानं १९०९ मध्ये हे खुलं संग्रहालय सुरू केलं. पहिल्यांदा आलं ते मध्य फिनलंडमधल्या कोंगिनकांगासचं निएमेला हे कुळाचं बिऱ्हाड. जमीन मालकाची, कूळ ती कसायचं आणि खंडापोटी मालकाच्या शेतावर ठरलेले दिवस राबायचं.

या घराला धुराडं नाही. दगडी चूल पेटली की धूर आतच साठायचा, वर चढायचा आणि झरोक्यातून हळूहळू बाहेर पडायचा. भिंतींचा वरचा भाग काजळीनं काळाकुट्ट. हिवाळ्यात सगळं घर धुराखाली, बुटक्या बाकांवर बसून जाळी विणायचं, लाकूड तासायचं, सूत कातायचं. दारातून आत शिरलेलं मूल आपोआप मान खाली घालतं आणि मग वर बघतं. त्या काळ्या छताला कुठल्याही माहितीफलकाची गरज पडत नाही. जुनं सौना, म्हणजे वाफेच्या आंघोळीची खोली, हेही असंच धुराचं असे: आधी दगड तापवायचे, विस्तव विझू द्यायचा, धूर बाहेर काढायचा, मग आत जायचं. घरातली सर्वांत स्वच्छ, उबदार जागा तीच, म्हणून बाळंतपणंही तिथंच होत. युनेस्कोनं २०२० मध्ये सौना संस्कृतीला आपल्या वारसायादीत स्थान दिलं.

संग्रहालयासाठी गरीब कुळाचंच घर का निवडलं? कारण फिनलंडपाशी मिरवायला स्वतःचे राजे नव्हते. १८०९ पर्यंत स्वीडनचं राज्य, पुढं रशियाच्या झारचं. १८९९ पासून झारनं स्वायत्ततेवर घाला घालायला सुरुवात केली, तेव्हा या लोकांनी आपला वारसा शेतकऱ्यांच्या घरांत आणि गाण्यांत शोधला. एलियास ल्योनरूट या डॉक्टरनं त्याआधीच गावोगाव हिंडून लोकगीतं टिपली होती आणि १८३५ मध्ये त्यांतून ‘कालेवाला’ हे महाकाव्य रचलं होतं. स्वातंत्र्य मिळालं ते ६ डिसेंबर १९१७ ला. पुढच्याच वर्षी यादवी युद्ध झालं. भूमिहीनांचा आणि कुळांचा असंतोष त्यामागच्या कारणांपैकी एक होता. त्याच वर्षी कुळांना कसत असलेली जमीन विकत घेण्याचा हक्क देणारा कायदाही झाला. १९१८ मध्येच एका जर्मन राजपुत्राला राजा म्हणून निवडलं गेलं, पण देशात पाऊल टाकण्याआधीच त्यानं मुकुट नाकारला. निएमेलाच्या ओसरीत बसून मोठ्या मुलांना हे सारं सांगावं. समोर घर असलं की सनावळीही लक्षात राहते.

धाकट्यांसाठी शहरातलं ओदी ग्रंथालय आहे. स्वातंत्र्याच्या शतकाची भेट म्हणून बांधलेलं हे ग्रंथालय ५ डिसेंबर २०१८ ला खुलं झालं, अगदी संसदेच्या समोर. तिसऱ्या मजल्यावर मुलांचा मोठा विभाग आहे. खाली कुणालाही वापरता येतील अशी शिलाई यंत्रं. माउरी कुन्नास या चित्रकार-लेखकानं ‘कालेवाला’तल्या वीरांना कुत्र्यांच्या रूपात रंगवलेलं पुस्तक फिनलंडमधल्या अनेक मुलांचं या महाकाव्याशी पहिलं नातं जोडतं. तोवे यान्सनच्या मुमीन कुटुंबाच्या गोष्टी तर १९४५ पासून येत गेल्या आणि आज घराघरांत आहेत.

आणि मग जंगल. राजधानीजवळचं नूकसिओ राष्ट्रीय उद्यान १९९४ मध्ये स्थापन झालं. उडणारी खार हे त्याचं बोधचिन्ह. पाऊस आहे म्हणून बालवाडीची पोरं घरात बसत नाहीत; जलरोधक विजारी चढवून ती चिखलात खेळत असतात. इथं रानात फिरण्याचा, बेऱ्या आणि अळंबी गोळा करण्याचा हक्क सर्वांना आहे, परदेशी पाहुण्यांनाही, आणि जमीन खासगी असली तरी. मात्र कुणाच्या अंगणात शिरायचं नाही, जिवंत झाडाची फांदी तोडायची नाही, मालकाच्या परवानगीविना शेकोटी पेटवायची नाही. मुख्य नियम एवढेच, आणि ते पाच वर्षांच्या मुलालाही समजतात. जुलै उजाडला की जमिनीलगतच्या झुडपांवर निळ्या बेऱ्या पिकू लागतात. महिन्याच्या मध्यात सूर्य रात्री दहानंतरच मावळतो, त्यामुळे जेवण उरकून डबा घेऊन निघालेल्या कुटुंबालाही तो भरायला पुरेसा उजेड मिळतो.