अण्णांना विचारायचं राहून गेलं

अण्णांना जाऊन वर्ष उलटलं. जठराचा कर्करोग होता, सापडला तोच चौथ्या टप्प्यात. त्यांच्या आजारपणात घरात माया कमी पडली नाही, पैसाही कसाबसा पुरला. तरी टाळता आला असता असा पुष्कळ त्रास त्यांना झाला आणि त्यामागचे बहुतेक निर्णय माझे होते. मी थोरली, पुण्यात नोकरी करणारी, इंग्रजी रिपोर्ट वाचता येणारी. फाईल माझ्या हातात आली आणि तिच्याबरोबर सगळा अधिकारही आला. आज हाच आजार घेऊन एखादं कुटुंब दवाखान्याच्या बाकावर बसलं असेल. आमच्या चुका त्यांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून लिहिते आहे.

अण्णा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर विट्याजवळ गावी थोडी शेती बघायचे. चार घास खाल्ले की पोट भरतं, ढेकर येतात, जेवणावर वासना नाही, असं ते म्हणायचे आणि आम्ही पित्त समजून मेडिकलमधून गोळ्या आणायचो. पँट ढगळ झाली, तेव्हा शुगर तपासली. रक्त फारच कमी निघालं, तेव्हा कुठे दुर्बिणीची तपासणी झाली. उतारवयात भूक मंदावली, कारण नसताना वजन उतरलं, रक्त कमी झालं किंवा शौचाला काळी व्हायला लागली, तर पित्ताच्या गोळ्यांवर दिवस काढू नयेत. एवढं तरी प्रत्येक घराला माहीत असावं.

निदान झालं त्या रात्री आईने मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "माझ्या तिखटामुळं झालं का गं?" मी घाईत होते, "काहीतरीच काय!" म्हणून निघून गेले. तो प्रश्न तिने पुढे कितीतरी दिवस एकटीने वागवला. मला पाच मिनिटं तिच्याजवळ बसून सांगता आलं असतं की या कर्करोगाचं सर्वांत मोठं ज्ञात कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ मध्येच त्याची नोंद कर्करोगकारक म्हणून केली आहे. तो बहुधा लहानपणीच पोटात शिरतो आणि ज्यांच्या पोटात असतो त्यातल्या बहुतेकांना कर्करोग होतही नाही. तंबाखू आणि फार खारवलेलं खाणं यांनीही धोका वाढतो, पण एका माणसाला नेमका कशाने झाला हे कुणी सांगू शकत नाही. दोष आपला नाही हे आईला वेळेवर ऐकायला मिळायला हवं होतं.

सीटी स्कॅनमध्ये यकृतावर गाठी दिसल्या, पोटाच्या आतल्या अस्तरावरही आजार पसरला होता. ऑपरेशनचा उपयोग नाही, केमोने काही काळ आजार ताब्यात ठेवता येईल, असं डॉक्टरांनी मला आणि धाकट्या भावाला केबिनमध्ये सांगितलं. अण्णा बाहेर बसले होते. दार उघडण्याआधी मी भावाला म्हटलं, "अण्णांना अल्सर सांगायचा. धसका घेतील." तो म्हणाला, "आक्का, त्यांना कळणार नाही का?" मी त्याचं ऐकलं नाही. फाईल कपाटात आईच्या साड्यांखाली गेली. पाहुण्यांना दारातच ताकीद मिळू लागली.

आयुष्यभर इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखलेल्या माणसाला केमोच्या वॉर्डात बसवून आम्ही ही अल्सरची औषधं आहेत म्हणून सांगत होतो. शेजारच्या खुर्चीवरच्या पेशंटकडून त्यांनी औषधाचं नाव कधीच ताडून घेतलं होतं. एकदा सलाईन चालू असताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाडी दुरुस्त होणार नसेल तर ड्रायव्हरला तसं सांगायचं असतं, पोरी. मग तो लांबचा रूट घेत नाही."

त्या दिवशी सगळं बोलणं झालं. धाकट्या काकांशी त्यांचा विहिरीच्या पाळीवरून अबोला होता. तो मिटवायचा, वाटणीचा कागद करायचा आणि गावच्या घरी एकदा सगळ्या भावकीला जेवायला बोलवायचं, असं त्यांच्या मनात होतं. आजार सापडला तेव्हा ते मोटारसायकलवरून रानात जात होते. आम्ही खरं बोललो तोवर त्यांना अंगणातून सोप्यात येताना दम लागत होता. काका आले, भाऊ-भाऊ बोलले, कागदही झाला. जेवण राहिलं.

सगळं एकदम तोंडावर सांगावं असं माझं म्हणणं नाही. "अण्णा, रिपोर्ट आलेत. तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?" एवढं विचारता आलं असतं. काही जणांना नसतं जाणून घ्यायचं, पण ते त्यांनी सांगायचं असतं. मी त्यांच्या वतीने ठरवून टाकलं आणि त्यांच्या हातातले चांगले दिवस वाया घालवले.

दुसरी मोठी चूक जेवणाची. पोटात अन्न गेलं तर ताकद येईल, ताकद आली तर केमो सोसेल, असं साधं गणित मी मांडलं होतं. नाचणीची आंबील, खजुराचे लाडू, प्रोटीन पावडर, कुणी सांगितलं म्हणून गव्हांकुराचा रस. प्रत्येक घासाला "माझ्यासाठी एवढा घ्या" असा आग्रह. ते माझ्यासाठी घ्यायचे आणि मग मोरीत ओकायचे. पुढे आहारतज्ज्ञ बाईंनी मला समजावलं. या आजारात शरीरातच असे बदल होतात की भूक मरते आणि स्नायू झिजत जातात. नुसतं जास्त खाऊ घालून ती झीज भरून निघत नाही. पेशंट खात नाही म्हणून आजार वाढत नसतो, आजार वाढतो म्हणून त्याला खाववत नाही. ताट बंद करा, वाटी ठेवा, दोन-दोन तासांनी विचारा आणि नको म्हटलं की उचला, असं त्यांनी सांगितलं. वाटीभर आमसुलाचं सार अण्णा आवडीने घ्यायचे. तेवढंच घ्यायचे, पण आमच्यात बसून घ्यायचे.

त्यातच ताकाचा प्रकार झाला. त्यांच्या केमोत ऑक्सॅलिप्लॅटिन होतं. ते दिल्यावर काही दिवस गार काही खायचं-प्यायचं नाही, गार वस्तूला हातही लावायचा नाही, असा कागद सिस्टरनी दिला होता. तो न वाचताच मी फाईलला लावला. एप्रिलचं ऊन होतं, म्हणून मीच फ्रीजमधलं ताक पेल्यात ओतून दिलं. पहिल्या घोटालाच त्यांनी गळा धरला. श्वास अडकल्यासारखे डोळे विस्फारले, पेला धरलेल्या बोटांना मुंग्या आल्या. थोड्या वेळाने ते ओसरलं. पण आयुष्यभर ताकावर जेवलेला माणूस पुन्हा ताकाला शिवला नाही. तो कागद मराठीतच होता.

पुढे उलट्या वाढल्या. केमोचं असेल म्हणून आम्ही उलटीच्या गोळ्या देत राहिलो. सकाळी खाल्लेलं संध्याकाळी तसंच्या तसं पडतंय हे आईने दोनदा सांगितलं होतं. मी पुण्याहून फोनवर "पथ्य पाळा" म्हणत होते. गाठीमुळे जठराची पुढची वाट बंद होत आली होती. दुर्बिणीतून जाळीची नळी, म्हणजे स्टेंट बसवल्यावर पातळ अन्न उतरू लागलं. जी बाई चोवीस तास पेशंटजवळ असते तिचं निरीक्षण डॉक्टरांपर्यंत पोचवणं हे माझं काम होतं. मी तिला सूचना देत बसले. त्याच काळात तिच्या स्वतःच्या बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या. तेही आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दुखण्याबद्दल लिहिताना हात जड होतो. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. नशेची गोळी, सवय लागेल, ही सुरू केली म्हणजे संपलंच, या भीतीने मी त्या कपाटात ठेवल्या आणि अगदीच विव्हळायला लागले की एखादी द्यायची असं ठरवलं. सिस्टरनी विचारलं, "काका, दहापैकी किती दुखतंय?" अण्णा म्हणाले, "सोसतंय." मग सिस्टरनी मलाच बाजूला घेऊन विचारलं, "गोळी किती वाजता देता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कर्करोगाच्या दुखण्यावर मॉर्फिन घड्याळ लावून द्यायचं असतं. साधी गोळी दर चार तासांनी, दुखणं चढायच्या आधी. बद्धकोष्ठ हमखास होतं, म्हणून जोडीला पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुखण्यासाठी घेतलेल्या औषधाचं व्यसन लागण्याची भीती फार थोडी असते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे आपल्या देशात मॉर्फिन मिळणं वर्षानुवर्षं अवघड होतं. २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन परवान्यांचा गुंता कमी झाला. अण्णांसाठी मॉर्फिन मिळालं होतं, घरात आलं होतं, तरी त्यांच्यापर्यंत पोचलं नाही, कारण मध्ये मी उभी होते. नियमाने गोळ्या सुरू केल्यावर ते रात्रभर झोपले आणि सकाळी त्यांनी पेपर मागितला.

या सगळ्याच्या खूप आधी डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह केअरच्या विभागाला भेटा म्हणून चिठ्ठी दिली होती. "आम्ही अजून आशा सोडलेली नाही" म्हणत मी ती परत केली. शेवटच्या दिवसांत पेशंटला नेऊन ठेवायची जागा, एवढीच माझी समजूत होती. वास्तविक वेदना, उलट्या, पोटात साठणारं पाणी, झोप, भीती, घरच्यांची ओढाताण, हे सगळं बघणारे डॉक्टर आणि सिस्टर तिथे असतात आणि केमो चालू असतानाही त्यांची मदत घेता येते. अमेरिकेत पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना ही सेवा सुरुवातीपासून मिळाली त्यांचे दिवस सुखाचे गेले आणि ते सरासरीने जास्त जगले. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून चालू आहे आणि तिथे उपचाराचे पैसे घेत नाहीत. गावी जाताना वारज्यावरून मी किती वेळा गेले, पण एकदाही गाडी आत वळवली नाही.

शेवटी दुसऱ्या औषधाची केमो द्यायची की नाही यावरून मी आणि भाऊ भांडलो, तेही अण्णांच्या खाटेपाशी. अण्णांचा बहुतेक दिवस अंथरुणात जात होता. मला द्यायची होती, भावाला नव्हती. अण्णांनी हात वर करून आम्हाला थांबवलं. "आता सुई नको. पोटातलं पाणी तेवढं काढा, आणि मला गावच्या घरी न्या." एवढं स्पष्ट सांगणाऱ्या माणसाला आम्ही तोवर एकदाही विचारलं नव्हतं. आम्ही त्यांना घरी नेलं. ते घरीच गेले, दुखणं आटोक्यात असताना, काका उशाशी असताना.

ज्यांच्या घरात आज हा आजार आहे त्यांना हात जोडून सांगते. डॉक्टरांना स्पष्ट विचारा की हे औषध बरं करण्यासाठी आहे की आजार ताब्यात ठेवण्यासाठी, आणि त्याचा त्रास किती होईल. दुखण्याची गोळी वेळेवर द्या. पॅलिएटिव्ह केअरची चिठ्ठी मिळाली तर त्याच आठवड्यात जा, मिळाली नाही तर मागून घ्या. शुश्रूषा करणाऱ्या माणसाला रोज काही तास सुट्टी द्या. आणि या सगळ्याच्या आधी, तुमच्या माणसाला बोलता येतंय तोवर त्याच्याजवळ बसून विचारा, तुम्हाला काय हवंय? मिळेल त्या उत्तराप्रमाणे वागा.