संगणकाच्या पोटात दुसरा संगणक

कुटुंबाच्या पानावर संगणकाची गोष्ट कशाला, असे काही भगिनींना वाटेल. पण गेल्या ३० वर्षांत आपल्या कितीतरी विहारांच्या, महिला मंडळांच्या आणि जयंती समित्यांच्या स्मरणिका संगणकावरच जुळवल्या गेल्या. त्यांच्या छापील प्रती आज किती घरांत शिल्लक आहेत? आणि ज्या फाईलींवरून त्या छापल्या, त्या फाईली आज उघडतात का? त्या उघडण्याचा एक बिनखर्ची मार्ग मी स्वतः करून पाहिला आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी सांगलीत डी.टी.पी.चे काम करते. २००६ साली धम्मचक्र प्रवर्तनाला ५० वर्षे झाली, तेव्हा आमच्या विहाराने स्मरणिका काढली. तीत आसपासच्या १९ वृद्ध उपासक-उपासिकांच्या आठवणी होत्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली, तेव्हा ही सारी माणसे तिथे हजर होती. त्यांतल्या बहुतेकांना लिहिता येत नव्हते. वस्तीतल्या पोरांनी घरोघर जाऊन ती बोलतील तसे उतरवून आणले आणि मी ते टाईप केले. ५०० प्रती निघाल्या.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी विहारात शिरले, घरांत शिरले, माझ्या दुकानातही शिरले. स्मरणिकेच्या प्रतींचा लगदा झाला. ज्या संगणकावर ती जुळवली होती तोही गेला. आठवणी सांगणारे १९ जण आज कालकथित झाले आहेत. म्हणजे पुन्हा विचारायला जावे असे कोणी उरले नाही. उरली ती वरच्या फळीवर ठेवलेली एक सीडी आणि तिच्याशेजारी जुन्या प्रोग्रॅमच्या मूळ सीड्या.

नव्या संगणकावर सीडीतल्या फाईली दिसत होत्या, पण उघडत नव्हत्या. त्याची कारणे दोन. पहिले म्हणजे पाने जुळवण्याचा पेजमेकर हा प्रोग्रॅम. १९८५ साली आल्डस कंपनीने तो काढला, १९९४ मध्ये तो ॲडोबीकडे गेला आणि २००१ साली आलेली सातवी आवृत्ती ही त्याची शेवटची. माझ्याकडची आवृत्ती तर त्याहून जुनी. नव्या विंडोजवर ती बसेना.

दुसरे कारण फॉण्टचे. त्या काळी आम्ही वापरत होतो ते मराठी फॉण्ट युनिकोडचे नव्हते. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. एका जागी काना, दुसऱ्या जागी रफार, तिसऱ्या जागी अर्धा 'स'. तो फॉण्ट संगणकात नसेल तर 'बुद्ध' या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच होती, पण आमच्यासारख्या लहान दुकानांपर्यंत ती पोचायला बरीच वर्षे लागली. मधल्या काळातले आपले सारे लिखाण या जुन्या फॉण्टांत अडकून पडले आहे.

माझ्या भावाचा मुलगा पॉलिटेक्निकला आहे. तो म्हणाला, "आत्या, भंगारात जुनं मशीन शोधत फिरू नकोस. तुझ्याच मशीनच्या आत जुनं मशीन उभं करू."

त्याने सांगितले ते असे. एका संगणकाच्या आत प्रोग्रॅमच्या साहाय्याने दुसरा संगणक उभा करता येतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. खऱ्या संगणकाला यजमान म्हणायचे आणि आतल्याला पाहुणा. यजमान आपल्या मेमरीतला थोडा भाग आणि डिस्कवरची थोडी जागा पाहुण्याला देतो. पाहुण्याला वाटते, आपले स्वतंत्र घर आहे. प्रत्यक्षात त्याची अख्खी डिस्क म्हणजे यजमानाच्या डिस्कवरची एक फाईल असते. ही कल्पना नवी नाही. आय.बी.एम.ने आपल्या मोठ्या संगणकांसाठी अशी प्रणाली १९७२ सालीच बाजारात आणली होती. १९९९ पासून ती साध्या टेबलावरच्या संगणकावरही आली.

आम्ही व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्रॅम घेतला. तो ओरॅकल कंपनीचा आहे आणि मोफत मिळतो. आधी संगणक चालू होताना बायॉसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशनची सोय चालू आहे की नाही ते पाहिले. इंटेलच्या प्रोसेसरवर तिला व्ही.टी.-एक्स म्हणतात, ए.एम.डी.च्या प्रोसेसरवर ए.एम.डी.-व्ही. पुष्कळ संगणकांत ती बंद ठेवलेली असते आणि ती चालू केल्याशिवाय पाहुणा उभा राहत नाही. मग नवे मशीन तयार करून त्याचा प्रकार 'विंडोज २०००' निवडला. माझ्या संगणकात ८ जी.बी. मेमरी आहे. तीतली ५१२ एम.बी. पाहुण्याला दिली. त्या जुन्या विंडोजला तेवढी भरपूर होते. डिस्कसाठी ८ जी.बी. दिली.

विंडोज २००० ची मूळ सीडी आणि तिचा २५ अक्षरांचा क्रमांक माझ्याकडे होता. सीडी घातली, पाहुणा सुरू केला आणि खिडकीएवढ्या चौकटीत २० वर्षांपूर्वीचा निळा पडदा आला. विंडोज बसल्यावर पेजमेकर बसवला, मग फॉण्ट बसवले.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. विंडोज २००० च्या सुरक्षेची दुरुस्ती कंपनीने जुलै २०१० मध्ये थांबवली. म्हणून पाहुण्याचे इंटरनेट बंदच ठेवावे. आणि सगळे नीट बसले की 'स्नॅपशॉट' घ्यावा. पुढे काही बिघडले तर एका क्लिकमध्ये पाहुणा होता तसा होतो. यजमानाच्या कामाला धक्का लागत नाही. ज्या घरात एकच संगणक आणि त्यावरच पोट, तिथे ही सोय फार मोलाची. याच रीतीने घरातली मुले लिनक्सही शिकू शकतात. संगणक बिघडेल म्हणून आईबापांनी ओरडायचे कारण उरत नाही.

त्यानंतर स्मरणिकेची फाईल उघडली. रफारासकट, वेलांटीसकट, सगळे जागच्या जागी. पहिलेच पान मिरज तालुक्यातल्या एका आजीचे निघाले. बाबासाहेबांनी पांढरी वस्त्रे नेसून यायला सांगितले होते. आजीकडे पांढरे लुगडे नव्हते. तिने जुने लुगडे सोड्यात उकळून उकळून पांढरे केले आणि ते नेसून ती नागपूरला गेली. आजीची नात आज नर्स आहे. तिला हे ठाऊकच नव्हते. ती म्हणाली, "आमच्या घरात कुणी बोललंच नाही कधी."

उघडलेली पाने बाहेर काढायलाही वाट आहे. कागदावर छापण्याऐवजी पोस्टस्क्रिप्ट फाईलमध्ये छापायची, सामायिक फोल्डरमधून ती यजमानाकडे आणायची आणि घोस्टस्क्रिप्ट या मोफत प्रोग्रॅमने तिची पी.डी.एफ. करायची. पाने जशीच्या तशी राहतात. मजकूर युनिकोडमध्ये हवा असेल तर फॉण्ट बदलणारे प्रोग्रॅम मिळतात, पण त्यांच्यावर विसंबू नये. जुन्या फॉण्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होई, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचे नेमके उलटे. त्यामुळे शब्द तुटतात. आमच्या महिला मंडळाच्या भगिनी वंदना झाल्यावर विहारात बसून एकेक आठवण मोठ्याने वाचतात आणि मी पडद्यावर दुरुस्त करते. वाचता वाचता 'हे तर आमच्या मामंजींचं' म्हणून कोणी थांबते, आणि मग त्या दिवशी पुढचे पान होत नाही.

बाबासाहेबांचे समग्र लेखन आणि भाषणे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून छापायला घेतली. वसंत मून यांनी त्यांच्या संपादनाला आयुष्य वाहिले, म्हणून ते खंड आज आपल्या हाती आहेत. आपल्या आजी-आजोबांच्या आठवणींसाठी शासन येणार नाही. ते काम आपल्या वस्तीतच व्हायला हवे.

तेव्हा माझी विनंती एवढीच. आपल्या विहारात किंवा छपाई करून देणाऱ्याकडे जुन्या सीड्या असतील तर त्या शोधा. त्यांच्याबरोबर जुन्या प्रोग्रॅमच्या आणि फॉण्टच्या मूळ सीड्या असतील तर त्या टाकून देऊ नका. त्यांच्यावाचून पुढचे सगळे अडते. फाईली निघाल्या की त्यांच्या प्रती तीन निराळ्या घरांत ठेवा, आणि त्यांतले एक घर पूररेषेच्या वर असू द्या. घरात संगणक शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर हे काम त्यांना सांगा. हा सारा खटाटोप आमचा दोन रविवारांत झाला. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, एहिपस्सिको, या आणि पाहा. २०२६ मध्ये धम्मदीक्षेला ७० वर्षे होतात. आमची स्मरणिका तिच्या १९ माणसांसह पुन्हा छापायची, असे विहाराने ठरवले आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.