आडपडदा

आमच्या गावात एसटी स्टँडसमोर एक परमिट रूम होती. दाराला मळकट हिरवा पडदा, गुडघ्याच्या जरा खाली येईल एवढा. तिकडे बघायचं नाही हे शाळेच्या वाटेवरच्या सगळ्या मुलींना कुणी न सांगता ठाऊक होतं, आणि सगळ्या जणी बघायच्याच. पडद्याखाली नुसती पावलं दिसत. लहान गावात माणूस चपलांवरूनही ओळखू येतो. शेजारच्या काकांच्या चपला मी ओळखल्या आणि घरी येऊन सांगितलं, तेव्हा आईने एवढंच विचारलं, "तू कशाला बघत होतीस?"

मुंबई प्रांतात 1949 साली दारूबंदीचा कायदा झाला. पुढे तो सैलावला, पण गेला नाही. महाराष्ट्रात प्यायला आजही कागदोपत्री परवाना लागतो, आणि तो दिला जातो म्हणे आरोग्यरक्षणासाठी! सरकारच पडद्याआडून बोलत असेल, तर काकांना काय बोल लावायचा?

नोकरीला लागल्यावर पुण्यात ऑफिसातल्या मंडळींबरोबर गेले, ती 'फॅमिली रूम'मध्ये. मागच्या जिन्याने वर, गारढोण एसी, मेनूकार्डही धड वाचता येऊ नये असा अंधार. ऑर्डर मी दिली तरी वेटर बघायचा आमच्यातल्या एकुलत्या एका पुरुषाकडे. पडदा होता तिथेच होता. आम्ही त्याच्या आत आलो होतो, इतकंच.

लेक लंडनला असते. गेल्या खेपेला म्हणाली, "आई, तुला एक गंमत दाखवते," आणि ब्लूम्सबरीतल्या 'द लॅम्ब'मध्ये घेऊन गेली. इमारत अठराव्या शतकातली, आतला थाट व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. नावाचा कोकराशी संबंध नाही. विल्यम लॅम्ब नावाच्या गृहस्थाने 1577 साली इथल्या पाण्याच्या नळाची स्वखर्चाने दुरुस्ती केली, शिवाय पाणी विकून पोट भरता यावं म्हणून गरीब बायकांना 120 बादल्या वाटल्या. रस्त्याला त्याचं नाव पडलं, रस्त्यावरून पबला. दारूच्या गुत्त्याला पाणी पाजणाऱ्याचं नाव!

गंमत होती ती काउंटरवर. बरोबर डोळ्यांच्या उंचीला लाकडी चौकटीत नक्षीदार काचेची छोटी तावदानं बसवलेली, प्रत्येक आपल्या खुंटीवर फिरणारं. काही हवं असेल तर तावदान फिरवा, मागा. घेऊन झालं की बंद करा. खालच्या फटीतून पेला आणि पैसे जात-येत. प्रतिष्ठितांना पिताना काउंटरमागच्या नोकरमाणसांनी आणि पलीकडे उभ्या कामकऱ्यांनी बघू नये, म्हणून ही सोय. नावही आढेवेढे न घेता 'स्नॉब स्क्रीन'. बहुतेक पबांतून ती कधीच उखडली गेली. इथे टिकली आहेत. आमच्याकडे पाय दिसायचे, यांच्याकडे हात दिसत. तोंड तेवढं दोन्हीकडे झाकलेलं. मला तर एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

जवळच्याच फ्लीट स्ट्रीटवरच्या 'एल व्हिनो'ची गोष्ट याहून अलीकडची. वकील-पत्रकारांचा हा अड्डा, पण काउंटरशी उभं राहून मागायची बायकांना मनाई. मागच्या खोलीत बसा, तिथे आणून देऊ. लिंगभेदाविरुद्धचा कायदा 1975 साली झाला तरी रीत चालूच. शेवटी एक वकील आणि एक पत्रकार, दोघी कोर्टात गेल्या आणि 1982 साली अपिलात जिंकल्या. म्हणजे आमच्या 'फॅमिली रूम'चं एक थोरलं भावंड साहेबाच्या राजधानीत होतं.

'लॅम्ब'मध्ये टेबलाशी येऊन कुणी विचारत नाही; उठून काउंटरशी जायचं, मागायचं, पैसे द्यायचे. लेक उठायला लागली, तिला बसवलं. तावदान फिरवून अर्धा पाइंट बिटर मागितली. पोराने ओतून दिली, माझ्याकडेच बघत.

लेकीने फोटो काढला आणि विचारलं, घरच्या ग्रुपवर टाकू का? म्हटलं, टाक की. फक्त आधी माझ्याकडे दे. काचा छान आल्या होत्या, मीही बरी आले होते. खालचा पेल्याचा भाग तेवढा मी कापला आणि मग पाठवला.