आईला विचारायचं राहूनच गेलं

मैत्रिणींनो, तुमच्या आईची पाळी कितव्या वर्षी गेली, हे तुम्हाला माहीत आहे का?

दचकलात ना? मीही अशीच दचकले होते. गेल्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी मला हा प्रश्न विचारला, तेव्हा मी यांच्याकडे पाहिलं, यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडून काही उत्तरच निघेना. मी बी.ए. झालेली बाई. सकाळच्या शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते. शिवराज्याभिषेक १६७४, पानिपत १७६१, झोपेतून उठवून विचारलं तरी सनावळी चुकायची नाही. आणि सख्ख्या आईच्या आयुष्यातलं एवढं एक साल मला ठाऊक नव्हतं!

आधी थोडी हकीकत सांगते. लग्न झालं तेव्हा मी २९ वर्षांची होते. पहिलं वर्ष घर लावण्यात गेलं, पुढची तीन वर्षं दर महिन्याला वाट पाहण्यात. हळदीकुंकवाला गेलं की कुणीतरी कोपरानं ढोसून विचारायचंच, "काय गं, काही विशेष?" सासूबाई मात्र कधी बोलून दाखवत नाहीत. फक्त शेजारीपाजारी बारसं असलं की त्या दिवशी देवघरात जरा जास्त वेळ बसतात. त्यांचं ते न बोलणंच मला जास्त लागायचं.

शेवटी आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. दोघं म्हणते आहे, हे लक्षात घ्या. मूल होत नसलेल्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही काही ना काही कारण असतं, तरी तपासणीच्या रांगेत बहुधा बाई एकटीच उभी असते. यांची तपासणी पहिल्याच आठवड्यात झाली आणि ठीक निघाली. मग माझी पाळी. दुसऱ्या दिवशी रक्त दिलं, सोनोग्राफी झाली, आणि चार दिवसांनी तो कागद हातात आला.

ए.एम.एच. ०.६. सोनोग्राफीत दोन्ही बीजकोश मिळून लहान पुटकुळ्या फक्त ५. खाली आणखी तीन आकडे होते: तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ६.०, थायरॉइडचं टी.एस.एच. ५.८ आणि ड जीवनसत्त्व ११.

माझा चेहरा पाहून डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "लोणचं घालता ना घरी? समजा, आईनं लेकीला लोणच्याची एकच बरणी दिली आणि सांगितलं, ही जन्मभर पुरवायची, पुन्हा भरून मिळणार नाही. आपले बीजकोश तसे असतात."

मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या बीजकोशांत दहा ते वीस लाख बीजं असतात. न्हाण येईपर्यंत त्यांतली तीन-चार लाख उरतात. सगळ्या आयुष्यात पिकून बाहेर पडतात ती जेमतेम चारशे-पाचशे. बाकीची आपोआप विरून जातात, आपण काही चुकीचं केलं म्हणून नव्हे. कुणाची बरणी लवकर रिकामी होते, कुणाची उशिरा. वाढीला लागलेल्या लहान पुटकुळ्यांच्या पेशी ए.एम.एच. नावाचं द्रव्य रक्तात सोडतात. पुटकुळ्या कमी, तर हे द्रव्यही कमी. साधारण १.२ च्या खाली आकडा गेला की डॉक्टर साठा कमी आहे असं धरतात.

"पण बरणीत फोडी किती उरल्या एवढंच हा आकडा सांगतो," त्या म्हणाल्या. "प्रत्येक फोड कशी आहे, हे सांगत नाही. ते बरंचसं वयावर असतं, आणि तुम्ही अजून ३४ च्याच आहात."

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. २०१७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वंध्यत्वाचा त्रास नसलेल्या, मुलासाठी नुकतेच प्रयत्न सुरू केलेल्या ३० ते ४४ वर्षांच्या स्त्रिया त्यात होत्या. ज्यांचं ए.एम.एच. कमी होतं, त्यांना दिवस राहण्याचं प्रमाण इतरांपेक्षा काही कमी निघालं नाही. तेव्हा कुणी हौसेनं तपासणी करून आकडा कमी आला, म्हणून रडत बसू नये. माझी गोष्ट वेगळी होती. तीन वर्षं वाट पाहून झाली होती, आणि टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात इंजेक्शनं दिल्यावर किती बीजं हाती लागतील, याचा अंदाज या आकड्यावरून चांगला येतो.

"आणि हे खालचे तीन?" मी विचारलं.

"ते तुमच्या हातातले आहेत."

साखर ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. टी.एस.एच. साधारण साडेचारच्या आत हवं. ड जीवनसत्त्व २० च्या खाली म्हणजे कमतरता. साखर, इन्सुलिन, रक्तातली चरबी, होमोसिस्टीन, ड जीवनसत्त्व अशा चयापचयाच्या खुणांचा बीजांच्या साठ्याशी काय संबंध आहे, यावर जगभर संशोधन चालू आहे. पण त्यांतला एकही आकडा अजून ए.एम.एच.ची किंवा सोनोग्राफीची जागा घेऊ शकत नाही. आणि ड जीवनसत्त्वाची पुडी घेतली म्हणून बरणी भरत नाही. "बीज वाढवणारी" पावडर मला आतापर्यंत तिघींनी सुचवली आहे. तिन्ही वेळा मी हात जोडले. बीजांची संख्या वाढवता येत नाही, पण ज्या शरीरात ते बीज पिकायचं, रुजायचं आणि नऊ महिने वाढायचं, ते शरीर नीट करता येतं. वाढलेली साखर आणि बिघडलेलं थायरॉइड पुढे गर्भालाही त्रास देतात.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. बीजकोशाचं ऑपरेशन झालंय का, घरात कुणी सिगारेट ओढतं का, क्षयाचा आजार होऊन गेलाय का, आणि आईची पाळी कितव्या वर्षी गेली?

घरी येऊन मी तो कागद पैठणीच्या घडीखाली ठेवला. दोन दिवस तिथेच होता. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, शाळा सुटल्यावर मी आईला फोन लावला. माहेर कऱ्हाडजवळच्या खेड्यात. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं. आई गप्प. मला वाटलं, फोन कटला.

"एक्केचाळिसाव्या वर्षी," ती म्हणाली. "तू दहावीत होतीस."

"काहीतरीच काय! मी दहावीत असताना तू बाजूला बसायचीस. मीच तुला पाण्याचा तांब्या आणून द्यायचे."

"बसत होते गं. पाळी गेल्यावरही वर्षभर बसले. तुझ्या आजीला कळू नये म्हणून. इतक्या लवकर गेली म्हटल्यावर घरात काय काय बोलले असते!"

मैत्रिणींनो, काय सांगू! दहावीच्या वर्षी मी पुस्तक एका हातात धरून दुसऱ्या हातानं तांब्या नेऊन ठेवायची, आणि आई तोंड फिरवून बसलेली असायची. मला वाटायचं, तिचं पोट दुखतंय. तिचं दुखणं वेगळंच होतं, आणि ते तिनं आजीपासून, बाबांपासून, आम्हा दोघी बहिणींपासून लपवलं. आपल्याकडे बायकांची पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. पंचेचाळिशीच्या आत गेली तर डॉक्टर तिला लवकर गेली म्हणतात, आणि आईचं असं झालं असेल तर लेकीचं होण्याची शक्यता वाढते. हे मला २५ व्या वर्षी कळलं असतं, तर? नोकरी पक्की होऊ दे, मग बघू, असं म्हणत मी लग्न चार वर्षं पुढे ढकललं नसतं कदाचित. कदाचित ढकललंही असतं. पण माहीत असून ढकललं असतं.

आईवर रागावले का? त्या रात्री रागावले. सकाळी राग उरला नाही. मीही कागद पैठणीखाली दडवलाच होता की!

तो बाहेर काढला आणि सासूबाईंसमोर ठेवला. समजावून सांगितलं, लोणच्याच्या बरणीसकट. त्या बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "म्हणजे यात तुझी चूक काही नाही." तीन वर्षांत आम्ही दोघी पहिल्यांदा या विषयावर बोललो.

दुसरा फोन धाकट्या बहिणीला. ती २८ वर्षांची, पुण्यात नोकरी करते, लग्नाची घाई नाही. तिला म्हटलं, घाबरू नकोस, घाई करू नकोस, पण आपल्या आईचं साल लिहून ठेव आणि डॉक्टरांकडे गेलीस की सांग. पुढचं तुझं तू ठरव.

आता माझं काय, असं तुम्ही विचारणारच. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेते, चहा नंतर तासाभरानं. फॉलिक अ‍ॅसिड चालू आहे. संध्याकाळी आम्ही दोघं घाटावर अर्धा-पाऊण तास चालतो. साखर ५.६ वर आली, थायरॉइड आटोक्यात आहे. ए.एम.एच. पुन्हा तपासलेलं नाही. ते वाढेल अशी आशाही नाही. दिवाळीनंतर एकदा टेस्ट ट्यूब बेबीचा प्रयत्न करायचं ठरलंय. एकदाच, झेपेल तेवढ्याच पैशात. यश येईल का, ठाऊक नाही. नाहीच आलं तर दुसऱ्या स्त्रीचं बीज घ्यायचं की मूल दत्तक घ्यायचं, हेही आम्ही तिघांनी बोलून ठेवलंय. हो, तिघांनी.

तुमच्यापैकी कुणी वाट पाहत असेल, तर पस्तिशीच्या आत वर्षभर, पस्तिशीनंतर सहा महिने, याहून जास्त थांबू नका. जोडीनं जा. आणि आज दुपारची झाकपाक झाली की आईला फोन लावा. ते साल विचारा आणि वाणसामानाच्या वहीत का होईना, लिहून ठेवा. तुम्हाला लेक असेल, तर तुमचंही साल तिच्यासाठी त्याच पानावर लिहायला विसरू नका.