सुई आणि विश्वास

मानदुखीसाठी आज पुन्हा ॲक्युपंक्चरच्या सुया टोचून घेतल्या. उपचार घेऊन निघताना मान मोकळी वळते, हा माझा अनुभव आहे.

उपचार करणाऱ्या बाई आधी जीभ बघतात, मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी. आपल्या वैद्यांकडे गेल्यासारखंच वाटतं. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातल्या ‘हेगू’ बिंदूत सुई शिरताना फारसं दुखत नाही. थोड्या वेळाने मात्र आतून जड, बोथट कळ उठते आणि मनगटाकडे सरकते. चिनी वैद्य तिला ‘द छी’ म्हणतात. ती आली की सुई योग्य जागी बसली, असं मानतात.

आपलं आणि चीनचं वैद्यकीय नातं जुनं आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातलेच डॉ. विजयकुमार बसू पुढे ही विद्या शिकून कोलकात्याला परतले. कोटणीस मात्र 1942 मध्ये चीनमध्येच वारले. हे आठवलं की मन भरून येतं.

जुनाट दुखण्यात सुयांनी आराम पडतो, असं संशोधन सांगतं. पण खऱ्या आणि खोट्या सुयांच्या परिणामात फरक थोडाच दिसतो, हेही तेच सांगतं. मला दोन्ही मान्य आहे. म्हणून एवढंच सांगते: आधी डॉक्टरांकडून निदान करून घ्या, चालू औषधं परस्पर बंद करू नका, आणि सुईचं पाकीट आपल्यासमोरच फोडायला सांगा.