बॉनेटची ऊब

चार दिवस मिस्त्रींच्या हवाली असलेली वडिलांची जुनी फियाट आज संध्याकाळी घरी आली. कार्बोरेटर उघडून, जेटमधला कचरा फुंकून, पॉइंटचा गॅप पुन्हा लावून त्यांनी चोक ओढला, तेव्हा तिने जो पहिला खाकरा काढला, तो ऐकून माझ्या मनावरचे कित्येक दिवसांचे मळभ सरले.

गेल्या आठवड्यात, १९९४ साली स्थापन झालेल्या आपल्या नगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉईसच्या चिलखती गाडीसमोर मी बराच वेळ उभा होतो. सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर पोलाद चढवून पहिल्या महायुद्धात अशा गाड्या सिद्ध झाल्या. तिची जपणूक पाहून आदर दाटून आला, तरी तिच्या निश्चलतेने मन उदास झाले. जतन म्हणजे स्थैर्य की संचार, हे मला उमगलेले नाही.

१ जून १९४८ रोजी येथूनच पुण्याकडे निघालेल्या पहिल्या एसटीबद्दल वडील फार जिव्हाळ्याने बोलत, आणि बोलता बोलता त्यांचा हात नकळत फियाटच्या स्टिअरिंगलगतच्या गिअरवर जाई.

आता अंगणात अंधार आहे. बॉनेट अजून उबदार लागते. आत कोठेतरी बारीक टिकटिक चालली आहे, जिचा मागमूस मिस्त्रींनाही लागला नाही.