रस्ता कुणाच्या बापाचा?

मागच्या वर्षी ट्रान्सपोर्टेशनच्या ओरलला एक्स्टर्नलनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "रस्त्याच्या मधली सलग पिवळी रेघ म्हणजे काय?"

फुलटॉस! मी धाडकन सांगितलं, "सर, ती ओलांडायची नाही. ओव्हरटेक नाही, यू-टर्न नाही."

"आणि तुटक पांढरी?"

"समोर मोकळं असेल तर लेन बदलता येते, सर."

मग स्टॉप लाईन झाली, झेब्रा झालं. रात्री हेडलाईट पडला की पट्टे चमकतात कसे, तर थर्मोप्लास्टिक पेंटमध्ये काचेचे बारीक मणी असतात आणि ते उजेड ड्रायव्हरकडेच परत पाठवतात, हेही मी न विचारता ऐकवलं. सर खूश. २५ पैकी २१ मिळाले. पार्टनर म्हणाला, "लेका, फोडलंस."

त्याच दिवशी सकाळी मी एका माणसाचं मनगट फोडलं होतं. ते सरांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आपल्या गेटसमोरचा रस्ता सगळ्यांना पाठ आहे. गावाकडून येताना गेट उजव्या हाताला, मध्ये डिव्हायडर. नियमाने यायचं तर गेट ओलांडून पुढच्या कटपर्यंत जायचं, यू-टर्न मारायचा आणि तेवढंच मागे यायचं. असं कोण करतं? पेट्रोल पंपाजवळच्या कटमधून आपण सगळे घुसतो आणि कडेकडेने राँग साईडने २०० मीटर येऊन गेटात शिरतो. फर्स्ट इयरला सिनियर्सनी मेस कुठे, झेरॉक्स कुठे हे दाखवलं, त्यातच हा कटही दाखवला. परंपराच म्हणा ना!

त्या दिवशी बाइंडिंगला टाकलेली फाईल आणायला आम्ही दोघं गावात गेलो होतो. नऊ वाजता ओरल, माझा रोल नंबर पहिल्या बॅचमध्ये. परत येताना पंपाजवळ गाडी घातली. समोरून, म्हणजे स्वतःच्या बरोबर बाजूने, एक सायकलवाला येत होता. मागे दुधाचे रिकामे कॅन बांधलेले. आतल्या बाजूने ट्रक, त्यामुळे मलाही जागा नाही आणि त्यालाही नाही. मी हॉर्न वाजवला. राँग साईडला मी, आणि हॉर्नही मीच वाजवतोय! त्याने सायकल साईडपट्टीच्या खाली घातली आणि आडवा झाला. कॅन घरंगळत गेल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

पार्टनर म्हणाला, "थांब रे."

मी आरशात बघितलं. माणूस उठून बसला होता. 'बसलाय ना, म्हणजे बरा आहे,' असं मनाशी म्हणालो आणि गेटात शिरलो.

रात्री मेसमध्ये काका डाव्या हाताने चपात्या वाढत होते. उजवा हात प्लास्टरमध्ये. कुणीतरी विचारलं तर म्हणाले, "सायकलीवरनं पडलो." माझ्या ताटात दोन चपात्या पडल्या. मी मान वर केली नाही.

परीक्षा संपेपर्यंत मी नुसते हिशोब करत बसलो. पंपापासून नियमाने आलो तर १२०० मीटर जास्त पडतात. ताशी ४० ने १०८ सेकंद. मग स्टॉपिंग डिस्टन्सचा फॉर्म्युला लावला. रिअ‍ॅक्शन टाईम अडीच सेकंद धरला, तर ताशी ४० ला गाडी उभी करायला साधारण ४५ मीटर लागतात. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर ९०. आपल्या गेटजवळच्या वळणावर ९० मीटर दिसतं तरी का? हे गणित मी पेपरात सोडवलं होतं, पूर्ण मार्कांचं. त्या कटशी त्याचा काही संबंध आहे हे डोक्यात आलं नव्हतं.

कायदाही वाचला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये उलट्या दिशेने गाडी चालवणं हे धोकादायक ड्रायव्हिंग म्हणून स्पष्ट लिहिलंय, त्याला दंड आहे आणि तुरुंगही आहे. कलम १३४ म्हणतं, अपघात झाला तर ड्रायव्हरने जखमी माणसाला दवाखान्यात नेण्याची व्यवस्था करायची. मी आरशात बघितलं होतं.

शेवटचा पेपर झाल्यावर मेसच्या मागच्या बाजूला काकांना गाठलं. "काका, ती गाडी माझी होती."

ते कांदे निवडत होते. "ठाव हाय. मागचं स्टिकर वळखीचं."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"परीक्षा चालली हुती न्हवं तुमची." थोड्या वेळाने म्हणाले, "पडलो त्याचं काय न्हाई, पोरा. तू थांबला न्हाईस, ते लागलं."

दवाखान्याचे पैसे मी दिले, ते त्यांनी घेतले. हिशोब मिटला असं मात्र वाटलं नाही.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर. चिपळूणहून कराडला कुंभार्ली घाटाने कितीदा गेले असतील, त्यांनाच ठाऊक. घरी गेल्यावर त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, कानाखाली बसणार. ते शांतपणे म्हणाले, "घाटात वळणाच्या पलीकडचा मला दिसत नाही, त्याला मी दिसत नाही. मध्ये रेघ आहे म्हणून आम्ही दोघं वळण घेतो. तो त्याच्या बाजूला असणार, एवढ्या भरवशावर मागे पन्नास माणसं झोपलेली असतात." नंतर जेवताना एक शब्द बोलले नाहीत.

२०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. दिवसाला सरासरी ४६२. आपल्या दोन हॉस्टेलांत मिळून तेवढी पोरं नसतील. सिग्नलला झेब्र्यावर उभं राहताना, पाच सेकंद बाकी असतानाच मागून पों पों करताना, 'रस्ता काय तुझ्या बापाचा आहे का?' असं आपण दुसऱ्याला विचारतो. माझ्या बापाला विचारलं तर तो म्हणेल, नाही बाबा, समोरून येणाऱ्याचापण आहे.

आता मी पुढच्या कटवरूनच वळतो. पार्टनर 'आले आरटीओसाहेब' म्हणून चिडवतो. फार सुधारलोय अशातला भाग नाही. गेल्या पावसाळ्यात एका रात्री भिजत येताना पंपाजवळ इंडिकेटर दिलाच होता. मग बंद केला आणि सरळ गेलो. १०८ सेकंद उशीर झाला. मेसमध्ये चपात्या संपल्या होत्या. काकांनी डाव्या हाताने भात वाढला. उजवं मनगट अजून पुरतं वळत नाही त्यांचं.

– तृतीय वर्ष, स्थापत्य